शार्कच्या प्रश्नामागचा प्रश्न

प्रिय मुली,

डायव्हिंगचं सर्टिफिकेट हातात पडल्याचं तू हौसेने सांगायला गेलीस आणि घरच्यांनी पहिला प्रश्न शार्कचा विचारला. तुझा किती हिरमोड झाला असेल, ते पत्रातून कळलं. माझ्याही बाबतीत इतकी वर्षं हेच होत आलंय. ‘मी स्कूबा डायव्हिंग करते’ म्हटलं की शार्क येतो, मग ‘ऑक्सिजन संपला तर?’ येतं, आणि त्यामागून ‘माझे तर विमानातही कान दुखतात’.

शार्कचं लवकर मिटवून टाक. त्याच्या हल्ल्यात जगभरात वर्षाकाठी दगावणारी माणसं सहसा दहाच्या आत असतात. एवढं सांगितलंस तरी पुरे.

ऑक्सिजनपाशी मात्र घाई करू नकोस. तुझी जीभ शिवशिवेल, माझीही शिवशिवायची. सिलिंडरमध्ये साधी हवाच असते, त्यात ऑक्सिजन जेमतेम २१ टक्के, आणि निव्वळ ऑक्सिजन घेऊन ६ मीटरच्या खाली गेलं तर तो विषासारखा बाधू शकतो. हे सगळं खरं आहे, पण समोरच्याला रसायनशास्त्र नको असतं. खाली तुझा श्वास अडकला तर तुला कोण सोडवणार, हे त्याला विचारायचं असतं. आधी त्याचं उत्तर दे. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने भरलेली हवा म्हणजे आपल्या नेहमीच्या दाबाची सुमारे २,४०० लिटर हवा. किती उरली ते दाखवणारा काटा हाताशी असतो आणि ५० बार शिल्लक असतानाच वर यायचं असतं. शिवाय जोडीदाराच्या अंगावर एक जादा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाने ओढून घ्यायचं साधन, असतो, तो तुझ्यासाठीच.

माझी आई या कशानेही शांत होईना. मग एका संध्याकाळी मी तिला समोर बसवलं. गळ्यासमोरून आडवा हात फिरवला, म्हणजे ‘हवा संपली’. जोडीदार रेग्युलेटर कसा पुढे करतो, मग एकमेकींचा हात घट्ट धरून आम्ही सावकाश वर कशा येतो, सगळं करून दाखवलं. ती टक लावून बघत होती. मग म्हणाली, “आणि ती तेव्हा लांब गेलेली असली तर?” डायव्हिंग न करणाऱ्यांनी मला विचारलेल्या सगळ्या प्रश्नांत हा सर्वांत नेमका होता, कारण घात तिथेच होतो. मासा दिसला म्हणून जोडीदार पुढे सरकते, तू फोटोत रमतेस. तेव्हापासून मी जोडीदाराला हाताच्या टप्प्याबाहेर जाऊ देत नाही.

म्हणून घरच्यांना ‘काहीच धोका नाही’ असं कधी सांगू नकोस. ते खोटं आहे, आणि त्यांना ते कळतं. श्वास रोखून वर आलं तर फुप्फुसं फाटू शकतात, कारण १० मीटरवरची हवा पृष्ठभागापर्यंत येताना दुप्पट फुगते. हे सांग आणि लगेच हेही सांग की श्वास कधीच रोखायचा नाही, हा तुला शिकवलेला पहिला नियम आहे.

‘किती खोल गेलीस?’ असं तुझ्या वयाची मुलं हमखास विचारतील. १८ मीटर हीच तुझी मर्यादा आहे, तेवढीच सांग. आकडा फुगवायचा मोह झाला तर त्यांना रंगांबद्दल सांग. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विरतो, त्यामुळे खोलवर बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं. हे ऐकून कोणी पुढचा आकडा विचारल्याचं मला आठवत नाही.

आणि आजी काहीच बोलली नाही, नुसती तुझ्याकडे बघत राहिली, असं लिहिलंयस. तिला समजावू नकोस. पुढच्या खेपेला सिलिंडर आणि रेग्युलेटर घरी घेऊन जा, सगळं नीट जोड आणि तिला त्यातून एक श्वास घेऊ दे. आवाजाने दचकेल कदाचित. मग दुसरा घेऊ दे.

तुझी,
मावशी