कियांशी की जुई?

प्रश्न : आम्ही श्टुटगार्टला राहतो. मुलगी होणार आहे (इथे डॉक्टर सांगतात). आम्हा दोघांना 'कियांशी' हे नाव आवडलंय, कारण ते कुणाचंच नाही. सासूबाईंना 'ज' वरून हवंय, त्या 'जुई' म्हणतात. नणंदबाई म्हणतात, नाव ठेवायचा मान आत्याचा. शिवाय इथलं नोंदणी कार्यालय वेगळी नावं नाकारतं असंही ऐकलंय. काय करावं?

उत्तर : कार्यालयाची धास्ती आधी काढून टाका. जर्मनीत श्टांडेसआम्ट, म्हणजे हेच नोंदणी कार्यालय, नावाकडे बारकाईने बघतं हे खरं, पण त्यांना मुख्यतः एवढंच पाहायचं असतं की नावामुळे मुलाचं नुकसान होणार नाही ना. तुमच्यासारख्याच भारतीय वंशाच्या आईवडिलांनी मुलीचं नाव 'किरण' ठेवलं होतं. नावावरून मुलगा की मुलगी कळत नाही म्हणून कार्यालयाने ते अडवलं. प्रकरण कार्लस्रूहच्या घटनात्मक न्यायालयात गेलं आणि 2008 साली आईवडिलांच्या बाजूने निकाल लागला.

आता 'कियांशी'. मला नाही आवडलं, स्पष्टच सांगते. नावांच्या साइटवर प्रत्येक नावाला 'देवीचा अंश' नाहीतर 'सूर्याचा किरण' असा अर्थ चिकटवलेला असतो. अर्थ तपासायचाच तर मोल्सवर्थचा मराठी कोश आणि मोनिअर-विल्यम्सचा संस्कृत कोश, दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. तिथे 'किया'च्या सर्वांत जवळ सापडेल तो शब्द 'कियत्', म्हणजे 'किती'. किती अंश? हे नाव आहे की ताप मोजताय? अर्थ नसलेलं नाव ठेवू नये असं माझं म्हणणं नाही. पण नाद आवडला म्हणून ठेवलंय, असं लेकीला सरळ सांगायची तयारी असावी.

'जुई' गोड आहे, पण जर्मन डोळा 'जे' दिसला की 'य' वाचतो. बालवाडीत ती 'यूई' होणार. 'सई'चं रोमन स्पेलिंग 'झाय'सारखं वाचलं जाईल, कारण स्वरापूर्वीचा 'एस' तिथे 'झ'कडे झुकतो. 'वैदेही'तल्या 'व्ही'चा कधी 'फ' होईल. ही नावं बाद करा असं नव्हे, सुरुवातीला चार वेळा उच्चार सांगावा लागेल, एवढंच. नाव कागदावर लिहा आणि शेजारच्या जर्मन बाईंना वाचायला द्या. दहा साइट चाळण्यापेक्षा त्यातून जास्त कळेल.

सासूबाईंच्या 'ज' वरून मला एक नाव सुचतं : जना. जनाबाईंची जना. तेच रोमन स्पेलिंग जर्मन लोक 'याना' वाचतात आणि ते तिथलं अगदी रुळलेलं नाव आहे. घरी जना, शाळेत याना. पुण्यात कुणी 'किती जुनाट' म्हणेल, म्हणू दे. आज वर्गात मायरा आणि कियारा ढिगाने असतात, वेगळी उठून दिसेल ती जनाच.

नवं नाव हवंच असेल तर आपली जुनी रीतही पाहा. इरावती कर्वे 1905 साली ब्रह्मदेशात जन्मल्या आणि तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं गेलं. पुढे डॉक्टरेटसाठी त्या बर्लिनला गेल्या. श्टुटगार्टची नदी नेकार, ती काही मुलीला शोभायची नाही. पण आपल्याकडे नीरा आहे, रेवा आहे.

वडिलांचं नाव मधे घालायचं का, तेही आधीच ठरवा. जर्मनीत मधलं नाव असा वेगळा प्रकार नाही, ते मुलीचं दुसरं नाव म्हणूनच धरलं जाईल.

राहिल्या नणंदबाई. जन्माची खबर आठवड्याच्या आत द्यावी लागते, बहुधा इस्पितळच ती देतं. नाव कळवायला मात्र महिन्याची मुदत असते, म्हणजे बाराव्या दिवसाचं बारसं त्यात आरामात बसतं. फार लांबवू नका, कारण जन्मदाखला रखडला की पासपोर्टही रखडतो. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' व्हिडिओ कॉलवरही होतं. फक्त स्पेलिंग आत्याला आदल्या दिवशीच लिहून पाठवा, नाहीतर त्या ऐन वेळी दोन 'ए' वाढवतील.