तंत्रज्ञानाची जाण असलेली माणसे स्वतःसाठी वस्तू घेताना नेमके काय पाहतात?

संगणक आणि मोबाइल यांतले ज्यांना कळते ती माणसे स्वतःचे पैसे मोजताना जाहिरातीतल्या कोणत्या आकड्यांवर विश्वास ठेवतात, असे आपण विचारले आहे. माझ्यापुरते सांगायचे तर प्रोसेसर आणि मेगापिक्सेल मी सर्वांत शेवटी पाहतो. त्याआधी पाहतो ते हे, की ही वस्तू कधी आणि कशामुळे निकामी होईल, आणि तशी ती झाल्यावर पुढचा निर्णय माझ्या हातात राहील की कंपनीच्या.

मोबाइलचेच पाहा. आजच्या मध्यम किमतीच्या फोनचा प्रोसेसर रोजच्या कामाला काही वर्षे सहज पुरतो. फोनचे आयुष्य संपते ते बहुधा बॅटरीमुळे किंवा सुरक्षा अपडेट, म्हणजे फोनमधल्या त्रुटी बुजवणाऱ्या कंपनीच्या सुधारणा, थांबल्यामुळे. लिथियम-आयन बॅटरी प्रत्येक चार्जिंग चक्रागणिक थोडी थोडी झिजत जाते आणि साधारण ५०० पूर्ण चक्रांनंतर तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते, असे गणित बरीच वर्षे धरले जात होते. अलीकडच्या काही फोनांसाठी हाच आकडा ८०० ते १,००० चक्रांपर्यंत सांगितला जातो. पूर्ण चक्र म्हणजे फोन एकदा चार्जरला लावणे नव्हे. आज अर्धी आणि उद्या अर्धी बॅटरी वापरली तर दोन्ही मिळून एक चक्र होते. युरोपीय संघाने जून २०२५ पासून तिथे नव्याने बाजारात येणाऱ्या फोनांसाठी ८०० चक्रांनंतरही किमान ८० टक्के क्षमता टिकण्याची अट घातली आहे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यानंतर ७ वर्षे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, असेही बंधन घातले आहे. आपण कुठेही राहत असलात तरी फोन पारखायला ही मोजपट्टी उपयोगी पडते.

अपडेटच्या बाबतीत एक गोष्ट मात्र फार थोडे ग्राहक तपासतात. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी ७ वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिले, हे स्वागतार्हच आहे. पण ही मुदत मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जाते, आपण फोन विकत घेतल्यापासून नव्हे. त्यामुळे सवलतीत मिळणारा दोन वर्षांपूर्वीचा फोन स्वस्त आहे की नाही, हे ठरवताना मी त्याच्या किमतीला अपडेटच्या उरलेल्या वर्षांनी भागतो. हा भागाकार केला की पुष्कळदा महाग वाटणारा फोन स्वस्त ठरतो आणि आकर्षक सवलतीतला जुना फोन महागात पडतो. अपडेट चालू असतील तर थकलेल्या फोनची बॅटरी बदलून घेणे हा मला सर्वांत शहाणपणाचा खर्च वाटतो. अपडेट थांबलेले असतील तर फोन कितीही सुरळीत चालत असला तरी त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत, असे मी घरच्यांना आग्रहाने सांगतो.

घरातल्या ‘स्मार्ट’ उपकरणांबाबत मी याहून सावध असतो. रिव्हॉल्व्ह नावाचे घरातील उपकरणे नियंत्रित करणारे एक यंत्र होते. ते बनवणारी कंपनी गूगलच्या मालकीच्या नेस्टने २०१४ मध्ये विकत घेतली आणि ते यंत्र इंटरनेटवरून ज्यांच्या आधारे चालत असे, ते सर्व्हर मे २०१६ मध्ये बंद केले. यंत्रात काहीही बिघाड नव्हता, तरी लोकांनी पुरते पैसे मोजून घेतलेली ती वस्तू एका दिवसात निरुपयोगी झाली. ग्राहकाशी असे वागणे मला आजही अन्यायाचे वाटते. म्हणून दिवा, पंखा किंवा कुलूप घेताना मी दुकानदाराला एकच प्रश्न विचारतो: इंटरनेट बंद असताना हे चालते का? ‘अ‍ॅपशिवाय काहीच होत नाही’ असे उत्तर आले तर मी ती वस्तू घेत नाही. २०२२ मध्ये आलेल्या ‘मॅटर’ या मानकानुसार बनलेली उपकरणे घरातल्या घरात, बाहेरच्या सर्व्हरवर न विसंबता चालवता येतात, त्यामुळे पर्याय असेल तेव्हा मी तीच निवडतो.

टीव्ही घेताना मी फक्त पडदा पाहतो. चांगला पडदा पुष्कळ वर्षे टिकतो, पण त्याच्या आतली स्मार्ट यंत्रणा त्याच्या कितीतरी आधी संथ होते आणि एकेक अ‍ॅप चालेनासे होते. अशा वेळी अ‍ॅप चालवणारे, टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत लावायचे छोटे उपकरण टीव्हीच्या मानाने अगदी थोड्या पैशांत बदलता येते.

एलईडी बल्बच्या खोक्यावर २५,००० तास असे लिहिलेले असते, त्यावरही डोळे मिटून विसंबू नये. अकाली बंद पडलेला बल्ब उघडून पाहिला तर बरेचदा प्रकाश देणाऱ्या चिप शाबूत असतात आणि त्यांना वीज पुरवणाऱ्या सर्किटवरचा कपॅसिटर हा छोटा भाग उष्णतेने फुगलेला दिसतो. चहूबाजूंनी बंद असलेल्या काचेच्या शेडमध्ये ही उष्णता कोंडते, म्हणून अशा जागी मी बंद शेडसाठी योग्य असल्याचे खोक्यावर स्पष्ट लिहिलेला बल्बच लावतो आणि तो वॅट पाहून नव्हे, तर ल्युमेन पाहून घेतो, कारण उजेड किती पडणार ते ल्युमेनवरूनच कळते.