प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे जोर नेणारा दांडा) फिरतो, पण जुनी फोर-बाय-फोर हलत नाही. मागचा ॲक्सल तुटलाय का?

बहुतेक तसंच असावं. पुढच्या चाकांना अडवायला ठोकळे लावा, हँडब्रेक सोडा, मागची दोन्ही चाकं उचलून खाली भक्कम टेकू लावा आणि गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये, गिअरमध्ये ठेवा. आता एक चाक हाताने फिरवा. साध्या डिफरेन्शियलमध्ये (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारे गिअर) दुसरं चाक उलटं फिरतं; ते ढिम्म राहिलं तर ॲक्सलचा शाफ्ट तुटलाय किंवा त्याच्या टोकाच्या स्प्लाइन (पकडीच्या खाचा) झिजल्यात.

ॲक्सल सेमी-फ्लोटिंग असेल तर गाडी अजिबात चालवू नका, कारण चाक त्याच शाफ्टवर तोललेलं असतं, निखळून बाहेर येऊ शकतं. फुल-फ्लोटिंगमध्ये चाकाचा भार शाफ्टवर नसतो, चाक हबवर बसतं, म्हणून तसं निखळत नाही.

शाफ्टचं तुटलेलं तोंड जरूर बघा. शिंपल्यासारख्या रेषा दिसल्या तर तडा जुना होता, पिळवटलेल्या स्प्लाइन म्हणजे एकदम आलेला ताण. डिफरेन्शियलचं ऑइल काढून लोखंडाचे तुकडे वेचल्याशिवाय नवा शाफ्ट घालू नका!