डीएलएल रजिस्टर आहे, तरी सर्व्हर.क्रिएटऑब्जेक्टला ०१७७ एरर का येते?

तुम्ही क्लासिक एएसपीची (मायक्रोसॉफ्टच्या वेब पानं बनवायच्या जुन्या तंत्राची) जुनी साइट ६४-बिट विंडोज सर्व्हरवर हलवलीत. व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) मधली डीएलएल, म्हणजे तयार कोडची फाइल, विंडोजमध्ये रजिस्टर केलीत, ती यशस्वी झाल्याचा मेसेजही आला. तरी पान नेमकं त्या डीएलएलमधला ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या सर्व्हर.क्रिएटऑब्जेक्टच्या ओळीवर ०१७७ देऊन थांबतं.

आधी ०१७७ च्या पुढचा लांबलचक कोड वाचा, खरं कारण तिथे असतं. ८००४०१एफ३ असेल तर त्या ओळीत अवतरणात दिलेलं नावच रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदवहीत) नाही, म्हणजे बहुतेक स्पेलिंग चुकलंय. ८००७०००५ म्हणजे परवानगी नाही. ज्या खात्यावर साइट चालते त्याला डीएलएलच्या फोल्डरवर वाचायचा आणि चालवायचा (रीड अँड एक्झिक्यूट) हक्क द्या. तुमच्याकडे मात्र ८००४०१५४ येत असणार, म्हणजे ‘क्लास रजिस्टर नाही’.

विंडोज आधी नावावरून क्लासआयडी (ऑब्जेक्टच्या क्लासचा ओळख क्रमांक) शोधतं आणि क्लासआयडीवरून डीएलएलचा पत्ता. व्हीबी ६ ची डीएलएल कायम ३२-बिट, त्यामुळे तिची नोंद रजिस्ट्रीच्या वाव६४३२नोड या वेगळ्या कप्प्यात होते. साइट ६४-बिट प्रोसेसमध्ये चालत असेल तर ती त्या कप्प्यात बघतच नाही. म्हणून तुमचा मेसेजही खरा आणि एररही खरी.

एका पतसंस्थेची साइट हलवताना मी यात दोन रात्री घालवल्या. पावती छापणारी डीएलएल मी पुन्हा पुन्हा रजिस्टर करत होतो आणि सकाळी काउंटर उघडायचा होता. शेवटी आयआयएसमध्ये (विंडोजच्या वेब सर्व्हरमध्ये) साइट ज्यात चालते त्या ॲप्लिकेशन पूलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘एनेबल ३२-बिट ॲप्लिकेशन्स’ ट्रू केलं, पूल रीसायकल केला, आणि पहिली पावती निघाली. तुम्हीही तेच करा. ॲक्सेसच्या एमडीबी फाइलसाठी जेट ४.० हा डेटाबेस ड्रायव्हर वापरत असाल तर तेही यानेच चालू होईल, कारण जेटही फक्त ३२-बिटच आहे.

पूल ६४-बिटच ठेवणं भाग असेल, तर विंडोजच्या कंपोनंट सर्व्हिसेस या टूलमध्ये कॉम प्लसचं सर्व्हर ॲप्लिकेशन बनवून डीएलएल त्यात टाका. ती वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते, त्यामुळे बिटचा प्रश्न येत नाही. वेग थोडा कमी होतो.

एक कळकळीची विनंती: हा ऑब्जेक्ट सेशनमध्ये (प्रत्येक वापरकर्त्याची माहिती पानापानांत जपणाऱ्या जागेत) साठवू नका. व्हीबी ६ चा ऑब्जेक्ट तिथे ठेवला की ते सेशन एकाच थ्रेडला बांधलं जातं आणि गर्दीच्या वेळी लोक ताटकळतात. पानातच तयार करा, काम झालं की लगेच नथिंग करून सोडून द्या.