भारताची बचत १८ टक्के, ११ की ५? आधी छेद बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. २०२२-२३ सालची भारतीय कुटुंबांची बचत तुम्हाला तीन ठिकाणी १८, ११ आणि ५ टक्के अशी मिळाली, अमेरिकेची ४ च्या आसपास. यातलं चूक कोणतं, आणि ‘आपण अमेरिकेच्या चौपट बचत करतो’ असं लेखात लिहावं का, असं तुम्ही विचारलंय. पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची टिपणं करताना मी याच गुंत्यात अडकलो होतो. राष्ट्रीय उत्पन्न म्हणजे काय वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. मी सांख्यिकी खात्यातला माणूस नाही, हेही आधीच सांगतो.

तिन्ही आकडे बरोबर आहेत. ठेवी, विमा, भविष्य निर्वाह निधी, शेअर, म्युच्युअल फंड, रोकड यांत वर्षभरात पडलेली भर म्हणजे ते ११. त्याच वर्षात कुटुंबांवरच्या कर्जांत जीडीपीच्या जवळपास ६ टक्क्यांइतकी भर पडली. ती वजा केली की ५ उरतात. त्यात नवी घरं, शेतकऱ्याची विहीर, ट्रॅक्टर, छोट्या दुकानदाराची यंत्रं आणि थोडे सोन्याचांदीचे दागिने मिळवले की १८ होतात. विहीर बचतीत कशी, तर आपल्याकडे ‘कुटुंब क्षेत्रा’त शेती आणि नोंदणीकृत कंपनी नसलेले छोटे धंदेही धरतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये या ५ टक्क्यांवर ‘बचतीचा नीचांक’ म्हणून मथळे झाले, तेव्हा अर्थ मंत्रालयाचं म्हणणं होतं की लोक कर्ज काढून घरं आणि वाहनं घेताहेत. घराबाबत हे पटतं, कारण एकीकडे वजा झालेलं कर्ज दुसरीकडे घराच्या रूपाने परत येतं. घरच्या वापराच्या गाडीचं तसं नाही. राष्ट्रीय लेख्यांत, म्हणजे देशाच्या उत्पन्न-खर्चाच्या सरकारी हिशेबात, ती उपभोगात जाते, बचतीत परत येत नाही. माझ्या मते हा फरक वर्तमानपत्रांनी ठळकपणे सांगायला हवा होता.

आता छेद. आपले हे टक्के जीडीपीचे आहेत. अमेरिकेचे टक्के कर भरून लोकांच्या हातात उरणाऱ्या उत्पन्नाचे. समजा जीडीपी १०० आणि त्यातले ७५ कुटुंबांच्या हातात आले, तर १८ ची बचत त्या ७५ च्या २४ टक्के होते. म्हणजे दुरुस्ती केल्यावर फरक कमी होईल असं वाटतं, तो उलट वाढतो. पण अमेरिकेचा आकडा निव्वळ आहे, घराचा घसारा, म्हणजे वर्षभरातली झीज, वजा करून काढलेला. आपला स्थूल, म्हणजे झीज वजा न करता काढलेला. ती दुरुस्ती आपला आकडा खाली खेचते. शिवाय अमेरिकेत उत्पन्नातून खर्च वजा करून उरेल ती बचत, आणि आपल्याकडे मालमत्तेतली भर मोजून बचत काढतात. चौपट लिहू नका. पाचपट किंवा तिप्पटही लिहू नका.

स्थूल-निव्वळचा फरक केवढा पडतो ते जर्मनीत दिसतं. त्याच देशाचा दर एका तक्त्यात २० च्या आसपास आणि दुसऱ्यात ११ च्या आसपास दिसतो.

आणि इथेच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. नाव घेत नाही, पण एका कार्यालयाकडून मी ऐंशीच्या दशकातल्या घरगुती बचतीचा तक्ता मागवला. त्यांनी झेरॉक्स पाठवली, तीही तळटीप कापलेली. रकान्यावर नुसतं ‘घरगुती बचत’. कर्जं वजा केलेली की नाहीत, घसारा धरला की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. तळटीप मागितली तर ‘छापलंय ते दिलंय’ एवढंच उत्तर. माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तर माहिती विक्रीस असलेल्या प्रकाशनात उपलब्ध आहे असं कळवलं. आणि प्रकाशन केव्हाच संपलेलं. त्या एका ओळीपायी सगळं काम कित्येक महिने अडून राहिलं. लोकांच्या पैशातून गोळा केलेल्या आकड्यांची व्याख्या लोकांपासून दूर ठेवायची, याचा मला आजही संताप येतो. शेवटी पुण्याला गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात मूळ छापील खंड मिळाला. तळटीपेत स्वच्छ लिहिलं होतं, कर्जं वजा केलेली नाहीत. जुन्या मालिका हव्या असतील तर संकेतस्थळांवर डोकं आपटण्याआधी असं एखादं ग्रंथालय गाठा, आणि तक्त्याच्या मागची-पुढची पानंही झेरॉक्स करून आणा.

हिशेबाच्या पद्धतीने आकडा कसा बदलतो, हे जपानमध्येही दिसतं. सत्तरच्या दशकातला तो उंच दर ‘जपानी माणूस काटकसरी’ म्हणून खूप मिरवला गेला. फुमिओ हायाशी या अर्थशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये दाखवलं की जपानी लेख्यांत घसारा मूळ खरेदी किमतीवर धरत, अमेरिकेत तो चालू किमतीवर. महागाईच्या काळात जुन्या किमतीवरचा घसारा कमी दिसतो आणि बचत फुगते. लोक काटकसर करत नव्हते असं नाही, पण दोन देशांतल्या अंतराचा बराच भाग हिशेबाचा होता. पुढे लोकसंख्या म्हातारी झाली, निवृत्त लोक साठवलेलं खाऊ लागले आणि २०१४ च्या सुमारास दर शून्याजवळ आला. हा उतार मात्र बराचसा खरा आहे, कारण इथे दोन देशांच्या वेगवेगळ्या हिशेबपद्धतींची तुलना नाही.

उतरवून घेतलेल्या आकड्याशेजारी तारीख लिहायची सवय लावा. अमेरिकेचा २००५ चा दर आधी उणे अर्धा टक्का जाहीर झाला होता, १९३० च्या दशकातल्या महामंदीनंतर पहिल्यांदाच उणे म्हणून केवढा गाजावाजा झाला. नंतरच्या फेरआढाव्यांत तो शून्याच्या वर गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये तर त्याच वर्षाच्या दुसऱ्या तिमाहीचा दर ३.३ वरून ५.२ झाला. ‘४ टक्के’ तुम्ही कधी उतरवले त्यावर तुमचा अख्खा परिच्छेद अवलंबून आहे.

निवृत्तीच्या पैशाचंही बघा. आपला भविष्य निर्वाह निधी, सिंगापूरचा सीपीएफ (तिथला सक्तीचा भविष्य निधी), ऑस्ट्रेलियातली सक्तीची सुपरअॅन्युएशन (निवृत्तीसाठीचा निधी), हे सगळं बचतीत मोजतात. अमेरिकेतल्या सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन योजनेची, वर्गणी मात्र करासारखी उत्पन्नातून वजा होते. म्हातारपणाची सोय दोघांचीही होते, पण एकाची बचत म्हणून दिसते आणि दुसऱ्याची दिसत नाही.

तुमच्या लेखापुरतं माझं मत असं, इतरांचं वेगळं असू शकतं. देशादेशांची पातळी शेजारी ठेवायचीच असेल तर सगळे आकडे ओईसीडीच्या (मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेच्या) एकाच तक्त्यातून, एकाच दिवशी घ्या आणि त्यात नसलेला देश सोडून द्या. भारताचा आलेख वेगळा काढा, पायाभूत वर्ष (ज्या वर्षाच्या किमती आधार धरून आकड्यांची मालिका काढतात ते) बदललं तिथे रेघ तोडा. २०११-१२ ची मालिका आधीच्या मालिकेला जोडून सलग रेघ ओढू नका. कोरोनाची वर्षं वेगळ्या रंगात दाखवा. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेचा दर ३० च्या वर गेला होता, तो दुकानं बंद आणि सरकारी मदतीचे धनादेश घरपोच म्हणून. सवयी बदलल्या म्हणून नव्हे.

तुमचा तक्ता इथे टाकलात तर रकान्यांची शीर्षकं तपासून देईन. चीन त्यात असेल तर त्याचा स्रोत आधी कळवा.