आंब्याची पेटी आणि अडलेली सही

पत्र (थोडक्यात): मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. मुलगी सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळवून रसायनशास्त्रात पीएचडी करते आहे. चौथं वर्ष चालू आहे. एक प्रकरण लिहून गाईडना दिलं, त्याला पाच महिने झाले, अजून परत आलेलं नाही. तिच्या कामाच्या शोधनिबंधात सरांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचं नाव घातलं गेलं. बीएस्सीचे पेपर तपासणं, सरांच्या प्रोजेक्टचे अहवाल लिहिणं हेही तिच्याच गळ्यात. ती म्हणते, सोडते. मी म्हणतो, गुरूशी वाद नको, डिग्री हातात पडेपर्यंत सोस; आता गाईड बदलला तर चार वर्षं पाण्यात. मे महिन्यात तिला न सांगता मी सरांना भेटून आलो, हापूसची पेटी नेली होती. सर चांगलं बोलले. दिवाळीत ती घरी होती. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सरांचा फोन आला, तशी पणत्यांचं ताट पायरीवर ठेवून परसात गेली, ती पाऊण तासाने आली. दोन स्थळं तिची पीएचडी व्हायची थांबली आहेत. तिची समजूत कशी घालू? की एमपीएससीकडे वळवू?

गुरुजी, नमस्कार.

तुम्ही प्रश्न दोन विचारलेत, पण मी अडले ती तिसऱ्याच ठिकाणी. सणाला घरी आलेली मुलगी हातातलं ताट पायरीवर टेकवून परसात जाते आणि पाऊण तास येत नाही. पणत्या तिथेच ताटात जळत राहिल्या असणार. तुम्ही हे एका ओळीत लिहिलंत आणि लगेच स्थळांवर आलात. ती परत आली तेव्हा चेहरा कसा होता, नीट जेवली का, सरांना सणाच्या दिवशी एवढं काय बोलायचं होतं, यातलं काहीच पत्रात नाही. बहुधा कुणी विचारलंच नसावं.

म्हणून आधी ते विचारून घ्या. तुम्ही नको, तिच्या आईने, किंवा ती जिच्याशी मोकळी बोलते अशा मावशी-आत्याने विचारावं. हे फोन किती वाजता येतात, कशासाठी येतात, बोलणं कामाचंच असतं ना? उत्तर देताना ती घुटमळली तर प्रकरण, सही, डिग्री सगळं बाजूला ठेवा. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक विद्यापीठात आणि कॉलेजात अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तक्रार साधारणपणे घटनेपासून ३ महिन्यांच्या आत द्यायची असते. तसं काही असेलच असं मी म्हणत नाही. पण खात्री करून घेतल्याशिवाय पुढचा सल्ला द्यायला माझं मन धजत नाही.

तसं काही नाही, असं धरून पुढे लिहिते.

आंब्याच्या पेटीबद्दल स्पष्टच बोलते, राग मानू नका. तुम्ही मायेपोटी गेलात हे कळतं. तरी जायला नको होतं. त्या भेटीतून सरांना एवढंच कळलं की या मुलीच्या घरचे आपल्या बाजूचे आहेत. आणि तिला हे कळेल, तेव्हा तिच्या सांगण्यावर तुमचा विश्वास नव्हता असंच तिला वाटेल. देशभरातून बसणाऱ्या मुलांमधून तिने फेलोशिप मिळवली आहे. तिच्यासाठी पालकसभेला जायचे दिवस केव्हाच संपले.

'गुरूशी वाद नको' हे तुमच्या मनात खोल रुजलेलं आहे, तुम्ही स्वतः शिक्षक आहात. पण पीएचडीचा गाईड हा नियमाने नेमलेला माणूस आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. जागा अशा मोजून दिल्या आहेत, कारण प्रत्येकाला वेळ देणं हे त्या माणसाचं काम आहे. पाच महिने प्रकरण न वाचणं ही कामातली कसूर आहे आणि ती लक्षात आणून देण्यात कसलाही गुरुद्रोह नाही. तुमच्या शाळेत कुणी सहामाहीचे पेपर पाच महिने तपासले नसते, तर मुलांना 'सोसा' म्हणाला असतात का?

'गाईड बदलला तर चार वर्षं पाण्यात' हे वाक्य मला दर महिन्याला कुणी ना कुणी ऐकवतं, आणि त्यापायी मुलं नको तितकी वर्षं एका दाराशी ताटकळत बसतात. त्याच विद्यापीठात गाईड बदलला तर प्रवेशाची तारीख बदलत नाही, पूर्ण झालेलं कोर्सवर्क वाया जात नाही. नोव्हेंबर २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार प्रवेशापासून ६ वर्षांची मुदत आहे, पुनर्नोंदणी करून आणखी २ वर्षं मिळतात आणि महिलांना त्यावर अजून २. गाईड बदलण्याचा अर्ज संशोधन केंद्रामार्फत विद्यापीठाकडे जातो. नव्या गाईडची लेखी संमती लागते आणि बहुतेक ठिकाणी जुन्या गाईडचं ना-हरकत पत्रही मागतात. ते पत्र मिळत नसेल तर अर्जात तसं लिहून विषय समितीपुढे न्यावा लागतो. फुकट काहीच नाही, हेही खरं. रसायनशास्त्रात काम प्रयोगशाळेला बांधलेलं असतं. सरांच्या प्रोजेक्टच्या पैशातून बनवलेली संयुगं, त्यांच्या नावावरची उपकरणं सोबत येत नाहीत, विषयाला थोडं वळण द्यावं लागतं, सहा-आठ महिने जाऊ शकतात. सहमार्गदर्शक घेणं हा मधला मार्ग, पुष्कळदा तोच बरा पडतो. आणि स्थळांचं तुमच्या मनात आहे म्हणून सांगते, लग्नामुळे गाव बदललं तर महिला संशोधकाला आपला डेटा दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची सोय याच नियमांत आहे. मात्र काम जुन्या गाईडच्या वा संस्थेच्या निधीवरच्या प्रोजेक्टमधलं नसावं, आणि तोवरच्या कामाचं श्रेय त्यांना द्यावं लागतं. तेव्हा लग्न आणि पीएचडी एकमेकांना अडवून उभी नाहीत. तुम्हीच ती एका रांगेत उभी केली आहेत.

घाई करायचीच असेल तर फेलोशिपकडे बघून करा. तिची मुदत एकूण ५ वर्षं: पहिली दोन जेआरएफची, दरमहा ३७,००० रुपये, पुढे एसआरएफचे, म्हणजे वरच्या टप्प्याचे, ४२,०००, वर घरभाडं. चौथं वर्ष चालू आहे म्हणजे हातात थोडाच काळ आहे, आणि त्या कागदांवरही सरांची सही लागते. तिची भीती पोकळ नाही, गुरुजी.

आता तिने काय करावं. हे माझ्या स्वतःच्या अनुभवातून सांगते. माझं दुसरं प्रकरण माझ्या गाईडच्या टेबलावर सात महिने पडून होतं. निळ्या फाईलवर आधी धूळ बसली, मग तिच्यावर दुसऱ्यांच्या फाईली चढल्या. मी दर सोमवारी दारात उभी राहून विचारायची, 'सर, बघितलंत का?' आणि ते म्हणायचे, 'बघतो.' शेवटी विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला बसवून सांगितलं की 'बघितलंत का' हा प्रश्नच नव्हे. त्यांनी माझ्याकडून एका कागदावर तीन नेमके प्रश्न लिहून घेतले: हा तक्ता इथे हवा की परिशिष्टात, या निष्कर्षाला एवढा पुरावा पुरेल का, तिसरा भाग गाळू का. तो कागद वर लावून फाईल पुन्हा दिली आणि त्याच दिवशी तसंच ईमेलही केलं. नवव्या दिवशी उत्तर आलं. प्रत्येक गाईड दुष्ट नसतो. बरेच जण कामाखाली गाडलेले असतात, आणि शंभर पानं समोर आली की उद्यावर ढकलतात.

तिने हे आधी करून बघावं. सरांशी बोलणं झालं की त्याच संध्याकाळी पाच ओळींचं ईमेल: आज काय ठरलं, मी काय करणार, कधीपर्यंत, आणि सरांकडून मला काय हवं आहे. भाषा नम्र, तारखा स्पष्ट. पेपर तपासायला किंवा अहवाल लिहायला सांगितलं तर त्याचीही ओळ त्यातच: 'या आठवड्यात चार दिवस उत्तरपत्रिकांना गेले, त्यामुळे एनएमआर तपासणीचे नमुने पुढच्या आठवड्यात देते.' तक्रारीचा सूर नको, नोंद हवी. पुढच्या शोधनिबंधात कुणाची नावं, कोणत्या क्रमाने, हे लिहायला बसण्यापूर्वी असंच ठरवून घ्यावं. छापून आलेल्याबद्दल भांडण्यात आत्ता शक्ती घालवू नये.

आणि सल्लागार समिती. दर सत्रात एकदा विद्यार्थ्याने संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. गाईड तिचे निमंत्रक असतात, पण बाकीचे सदस्यही समोर असतात. किती तरी ठिकाणी ही बैठक नुसती सह्यांपुरती उरते आणि मुलं त्यातच सुटका मानतात. तिने आग्रहाने खरं सादरीकरण मागावं आणि प्रकरण कोणत्या तारखेला दिलं ती तारीख स्लाइडवर घालावी. एवढ्याने पुष्कळदा काम हलतं. नाहीच हललं तर विभागप्रमुख, आणि त्यानंतर विद्यार्थी तक्रार निवारण समिती. २०२३ च्या नियमांप्रमाणे या समितीने कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. तेव्हा ती जमवलेली ईमेलं उपयोगी पडतील.

एमपीएससीचं म्हणाल, तर ती वाट तिने मागितलेली नाही, तुम्ही पुढे करू नका.

सोडायचं तिने ठरवलंच, तर तेही घरात बोलता आलं पाहिजे. तिची नेट झालेली आहे. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला नेट पुरते, यूजीसीने २०२३ मध्ये पीएचडी त्यासाठी ऐच्छिक केली. जागा निघत नाहीत, सीएचबीवर, म्हणजे तासागणिक मानधनावर, तासिका घेत वर्षं जातात, हे मी लपवत नाही. औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत एमएस्सी आणि चार वर्षांच्या हातच्या कामाला किंमत आहे. माझं मत विचाराल तर तिने आत्ता सोडू नये, सहा महिने वर लिहिलं तसं करून बघावं. पण ते सहा महिने तिचे तिने ठरवलेले असावेत. लग्नपत्रिकेत नावाआधी 'डॉ.' छापायचं आहे म्हणून कुणी दिलेली मुदत नको.

यापुढचं पत्र तिने स्वतः लिहिलं तर मला जास्त आवडेल, मी सविस्तर उत्तर देईन. आणि गुरुजी, रविवारी तिला फोन कराल तेव्हा पीएचडीचं काही विचारू नका. मे महिन्यात तुम्ही कुठे गेला होतात आणि सोबत काय नेलं होतंत, ते तिला तुमच्या तोंडून कळू द्या.