फोटोवरून जलरंगचित्र : वाचकांचे प्रश्न

स्वतःच काढलेले फोटो समोर ठेवून घरच्या घरी जलरंगात चित्र करणाऱ्या वाचकांकडून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : वाईच्या घाटाचे भरपूर फोटो काढून आणले. त्यातला सगळ्यात सुंदर निवडून अगदी हुबेहूब चित्र केलं, तरी ते निर्जीव दिसतं. पायऱ्या काळ्याकुट्ट आणि आकाश पांढरंफटक. रंग कमी पडतात की हात? (पुणे)

दोन्ही नाही. अडचण फोटोच्या निवडीत आहे. फोटो म्हणून जो देखणा, तो चित्राला उपयोगी पडेलच असं नाही. चित्रासाठी आधी एवढंच बघायचं, की उजेड कुठल्या बाजूने येतोय आणि सावल्यांचे आकार ठळक आहेत का. मोबाइलमध्येच फोटोचं सॅच्युरेशन शून्यावर आणा, म्हणजे तो कृष्णधवल होईल. मग तो स्क्रीनवर अगदी लहान करून हातभर अंतरावरून बघा. तीन-चार मोठ्या गडद-फिक्या तुकड्यांत विभागलेला दिसला तर तो घ्या. सगळीकडे सारखाच करडा दिसला तर कितीही आवडता असला तरी बाजूला ठेवा. भर दुपारचे बहुतेक फोटो इथेच गळतात. सकाळी आठ-नऊपर्यंतचे आणि साडेचारनंतरचे टिकतात.

काळ्या पायऱ्यांचा दोष कॅमेऱ्याचा आहे. घाटावर उभे असताना आपली नजर आकाशावरून सावलीत जाते तसा डोळा स्वतःला जुळवून घेतो, म्हणून दोन्हीकडचं दिसतं. कॅमेरा एका क्षणाला एकच माप धरतो. आकाश सांभाळलं तर सावली काळी, सावली सांभाळली तर आकाश कोरं. यावर उपाय सोपा आहे. जागा न सोडता दोन फोटो काढा. एकदा स्क्रीनवर आकाशाला बोट लावून, एकदा सावलीला लावून. रचना पहिल्यावरून घ्या आणि सावलीच्या आत काय आहे ते दुसऱ्यावरून. मोबाइलमधलं एचडीआर हे काम आपोआप करतं खरं, पण सावली उजळून आणि उजेड दाबून सगळं एका पातळीवर आणतं. चित्र ज्याच्या जोरावर उभं राहतं तो फरकच त्यात जातो. बंद करता येत असेल तर या कामापुरतं बंद ठेवा.

आता एक पायरी नीट बघा. दगड काळा बेसाल्ट आहे, म्हणून आपण सगळी पायरी काळी रंगवतो. पण पाय ठेवतो ती सपाट बाजू वर आकाशाकडे बघते. तिच्यावर उजेड पडतो आणि ती जवळजवळ कागदाइतकी फिकी, किंचित निळसर दिसते. काळोखी असते ती उभ्या बाजूला. तीही सगळी सारखी नसते. खालच्या पायरीवरून उसळलेला उजेड तिच्या तळाशी येतो, म्हणून ती खाली थोडी उबदार आणि वरच्या कडेशी गडद. उभ्या बाजूला अल्ट्रामरिन ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचं मिश्रण लावा आणि ओलं असतानाच तळाशी थोडा बर्न्ट सिएना सोडा. सपाट बाजू जवळजवळ कोरी राहू द्या. अशा पाच-सहा पायऱ्या नीट झाल्या की बाकीच्या नुसत्या तुटक रेघांनी सुचवल्या तरी पुरतात. दगडांचा प्रत्येक सांधा काढत बसलात तर घाट राहत नाही, फरशीचा नकाशा होतो.

रंगाला हात लावण्याआधी ६ × ४.५ सेंटिमीटरच्या चौकटीत ४बी पेन्सिलने एक छोटं टिपण करा. फक्त चार छटा ठेवायच्या : कोरा कागद, फिका करडा, मध्यम, गडद. पाच मिनिटांचं काम आहे. ते टाळलं की तीच चूक पुढे दोन तास रंगवत बसावी लागते.

प्रश्न : फोटो कागदावर उतरवायला कार्बन पेपर वापरला, तर त्या रेघांवर रंग धरतच नाही. चौकटी आखून काढावं का? आणि ट्रेस करणं ही फसवणूक नाही का? (नाशिक)

कार्बन पेपरवर मेण असतं, त्यामुळे पाणी तिथे थांबत नाही आणि रेघ खोडरबरानेही जात नाही. ट्रेसच करायचं असेल तर फोटोच्या साध्या कागदावरच्या प्रिंटमागे ६बी पेन्सिल आडवी धरून घासा, जास्तीची पूड कापसाने पुसा आणि वरून बोथट टोकाने गिरवा. ती रेघ नंतर सहज निघते.

छंदासाठी ट्रेस करण्यात फसवणूक काही नाही. पण भिंगाचे दोषही सोबत ट्रेस होतात, हे ध्यानात ठेवा. मोबाइलचं मुख्य भिंग बऱ्यापैकी वाइड असतं. तो वर तिरका धरून देवळाचा फोटो काढला की शिखर आणि दोन्ही बाजूंच्या भिंती वरती एकमेकींकडे झुकतात. फोटोत ते खटकत नाही, चित्रात मात्र देऊळ मागे कलंडलेलं वाटतं. फोटो काढतानाच दहा पावलं मागे जा, २एक्स झूम लावा आणि मोबाइल सरळ उभा धरा. काढून झालेल्या फोटोसाठी एडिटिंगमध्ये पर्स्पेक्टिव्हचा पर्याय असतो, त्याने उभ्या रेषा आधी सरळ करून घ्या.

चौकटींची पद्धत आम्हाला ट्रेसपेक्षा पसंत आहे, कारण तीत डोळा आणि हात दोन्ही शिकतात. मापं सोपी आहेत. जलरंगाचा पूर्ण कागद २२ × ३० इंचांचा असतो. त्याचे चार तुकडे केले की ११ × १५ चा कागद मिळतो. त्यावर कडा सोडून १०.५ × १४ इंचांची चौकट आखा. मोबाइलचा ४:३ फोटो या चौकटीत तंतोतंत बसतो. फोटोची प्रिंट ६ × ४.५ इंचांची काढा आणि तिच्यावर दीड-दीड इंचाचे चौकोन पाडा. आडवे चार, उभे तीन. कागदावर तेच बारा चौकोन साडेतीन-साडेतीन इंचांचे. रेघा एचबी पेन्सिलने हलक्या काढा. कडक २एच घेतली तर कागदात खाच पडते आणि तिच्यात रंग साठून रेघ आणखी उठून दिसते.

प्रश्न : शाळेत इंटरमिजिएट परीक्षेच्या वेळी वापरलेले पोस्टर कलर आणि ड्रॉइंग बुक यांनी सुरुवात करू का? (जळगाव)

नको. पोस्टर कलर अपारदर्शक असतात. जलरंगात उजेड कागदाचा येतो, आणि पोस्टर कलर तोच झाकतात. ड्रॉइंग बुकचा कागद पाणी पडलं की फुगतो, त्याच्या खळग्यांत रंग साचतो. पैसे कुठे वाचवायचे ते ठरवायचं तर रंग आणि ब्रश मध्यम प्रतीचे घ्या, पण कागद चांगला घ्या : ३०० जीएसएम (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत), जमल्यास शंभर टक्के कॉटन. हातकागदही चालतो, पण आधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब वर टिकला तर ठीक. लगेच शोषला गेला तर त्या कागदाला सायझिंग (पाणी लगेच शोषू न देणारी खळ) कमी आहे आणि वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, पसरणार नाही.

सहा रंग पुरतात : अल्ट्रामरिन ब्लू, थॅलो ब्लू, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि एक थंड, म्हणजे निळसर झाक असलेला, लाल. लाल घेताना ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. पीआर ८३ म्हणजे खरा ॲलिझरिन क्रिमसन, तो उजेडात काही वर्षांनी उडतो. पीव्ही १९ टिकाऊ आहे. काळा घेऊ नका, अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना दाट मिसळले की काळोख मिळतो. ब्रश तीन : एक इंची चपटा, गोल १० नंबर आणि बारीक फांद्या-तारांसाठी रिगर.

प्रश्न : पावसाळ्यातल्या डोंगराचे फोटो सुंदर येतात, पण चित्रात सगळं एकच हिरवं होतं. सॅप ग्रीनची ट्यूब महिन्यात संपली! (चिपळूण)

ट्यूब संपली हे बरंच झालं, दुसरी आणू नका. मोबाइल पावसाळ्यातला हिरवा मुळात आहे त्याहून भडक करतो, शिवाय धुक्यातले लांबचे डोंगर धारदार करून जवळ आणतो. त्यावर ट्यूबमधला एकच हिरवा लावला की भात, आंबा आणि मागचा सह्याद्री एकाच पडद्यावर छापल्यासारखे दिसतात.

हिरवा दर वेळी मिसळून घ्या. भाताच्या रोपांसाठी मटाराएवढा लेमन यलो आणि त्यात ब्रशच्या टोकावर मावेल इतकाच थॅलो ब्लू. थॅलो फार जोरकस असतो, म्हणून नेहमी पिवळ्यात निळा घालायचा. निळ्यात पिवळा घालत बसलात तर अर्धी ट्यूब रिकामी होते. आंबा, फणस, वड यांच्या दाट पानांसाठी अल्ट्रामरिन आणि यलो ऑकर, सावलीत त्यातच बर्न्ट सिएना. लांबचा डोंगर हिरवा नसतोच. अल्ट्रामरिन, त्यात थेंबभर लाल, भरपूर पाणी. जितकं लांब तितकं फिकं आणि निळसर, शिवाय तिथला गडद-फिक्याचा फरकही कमी. कुठलाही हिरवा बोचायला लागला तर त्यात लालाचा किंवा बर्न्ट सिएनाचा कण घाला, तो लगेच मवाळ होतो.

फोटो काढता त्याच वेळी वहीत दोन शब्द लिहून ठेवायची सवय लावा : ‘मागचा डोंगर राखाडी-जांभळा’, ‘बांध लाल माती’. घरी आल्यावर फोटो आणि टिपण यांत फरक पडला तर टिपणावर विश्वास ठेवा.

प्रश्न : आकाशाचा वॉश सुकताना त्यात कोबीच्या फुलासारखे डाग उठतात. पावसाळ्यात तर रोजच. ड्रायर लावू का? (सावंतवाडी)

अर्धवट ओल्या वॉशमध्ये जास्त पाण्याचा ब्रश टेकला की ते पाणी सुकू लागलेला रंग बाहेर ढकलतं आणि कडेला झालर उमटते. कागदाची चकाकी बघत राहा. पूर्ण चकाकत असेल तर रंग सोडता येतो. चकाकी जाऊ लागली की हात मागे घ्या. तेव्हा काही घालायचंच असेल तर ब्रशमधला रंग वॉशपेक्षा दाट हवा. पावसाळ्यात हवा दमट असल्याने हा मधला धोक्याचा काळ लांबतो, म्हणून डाग जास्त. चकाकी पूर्ण गेल्यावर ड्रायर एक फूट अंतरावरून लावा. त्याआधी लावलात तर हवेने पाणीच सरकतं. बोटांची मागची बाजू कागदाला लावून बघा, थंड लागला तर आत ओल आहे.

आकाशाचा रंग कालवताना दोन-तीन चमचे पाण्यात, लागेल त्याहून जास्तच करा. मध्येच संपला आणि नवा कालवेपर्यंत वेळ गेला, की डाग हमखास.

कोकणातल्यांनी आणखी एक सांभाळावं. कागद उघडा राहून दमट झाला तर त्याचं सायझिंग जागोजागी मरतं. मग वॉशमध्ये टिपकागदासारखे गडद ठिपके उठतात, आणि त्यांवर इलाज नाही. कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

प्रश्न : अल्बममधल्या जुन्या फोटोवरून आजीचं चित्र करायचं आहे. चेहरा दर वेळी जास्तच म्हातारा आणि रागीट होतो. (सोलापूर)

सुरकुत्या रेघांनी काढता, म्हणून. सुरकुती ही एक बारीकशी सावली असते. तिची एक कड ठेवा आणि दुसरी स्वच्छ ओल्या ब्रशने विरघळवून टाका. डोळ्यांतला पांढरा भाग कोरा सोडू नका. तो पापणीच्या सावलीत असतो, तिथे फिका करडा हवा. कोरा राहिला की नजर वटारल्यासारखी दिसते. त्वचेला यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि किंचित लाल. सावलीत त्यातच थोडा अल्ट्रामरिन.

अल्बममधल्या फोटोचा फोटो फ्लॅश न लावता, खिडकीशेजारी, मोबाइल त्याला समांतर धरून काढा. घरातल्या इतरांचे नवे फोटो काढणार असाल तर सहा फूट लांब उभे राहून झूम करा. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात.

प्रश्न : फोटो माझा, पण त्यात वाडा दुसऱ्याचा. चित्र स्पर्धेला पाठवता येईल का? इंटरनेटवरच्या फोटोचं काय? (ठाणे)

तुम्ही काढलेल्या फोटोचा हक्क तुमचा. इमारतीचं चित्र काढून प्रसिद्ध करायला भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. इंटरनेटवरचा फोटो मात्र कुणीतरी काढलेला असतो. सरावासाठी घरात केलात तर प्रश्न येत नाही, पण स्पर्धा, प्रदर्शन किंवा विक्री असेल तर त्या छायाचित्रकाराची लेखी परवानगी घ्या. अर्जात संदर्भाचा रकाना असेल तिथे ‘स्वतःच्या छायाचित्रावरून’ असं लिहा आणि मूळ फोटो, तारखेसह, जपून ठेवा.